गोल्फच्या हिरवळीवरून द्राक्षाच्या मांडवावर: कव्हर गुंडाळणाऱ्या यंत्राचं एक प्रकरण

नाशिकमध्ये ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर गोल्फ येत नाही. येतं ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, सकाळी चालायला येणारी मंडळी, आणि रणजी सामन्यात आभाळ भरून आलं की पिचवर कव्हर ओढत धावणारी पोरं. माझाही गोल्फशी संबंध तेवढाच होता. अंबडच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. काही वर्षांपूर्वी गोल्फ कोर्सला साहित्य पुरवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने कव्हर गुंडाळायच्या यंत्राचं कोटेशन मागितलं. मी माहिती काढली, ड्रॉइंग केलं, दर दिला. ऑर्डर आली नाही. ड्रॉइंग कपाटात पडून राहिलं आणि २०२५च्या फेब्रुवारीत दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदारांमुळे बाहेर निघालं. त्यांना गावात सगळे आप्पा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

हे त्या यंत्राचं प्रकरण. पहिल्या खेपेला ते सपशेल फसलं, दुसऱ्या खेपेला बरं चाललं, आणि मे महिन्यात कळलं की आम्ही प्रश्न अर्धाच वाचला होता.

आधी गोल्फचं सांगतो, कारण यंत्राची कल्पना तिकडची. गोल्फमध्ये चेंडू ज्या हिरवळीवरून हळूच भोकात ढकलतात तिला ग्रीन म्हणतात. पूर्ण कोर्सवर अशा १८ ग्रीन असतात, शिवाय सरावाची एखादी. एक ग्रीन साधारण ५०० चौरस मीटरची, म्हणजे आपल्या भाषेत पाच गुंठ्यांची. गवत ३ मिलिमीटरच्या आसपास कापलेलं, जवळजवळ गालिचाच. अमेरिकेच्या दक्षिण भागात या ग्रीनवर जे बर्म्युडा गवत असतं, ते आपल्या हरळीच्याच कुळातलं. गणपतीला दूर्वा वाहतो, तिचीच बुटकी केलेली भावंडं. आपल्याकडे हरळी काढता काढता जन्म जातो आणि तिकडे तिला पांघरूण घालतात, हे ऐकून आप्पा बराच वेळ हसत होते.

पांघरूण घालायचं कारण थंडी. रात्रीचा पारा उणे ४ अंशांच्या खाली जाणार असा अंदाज आला की संध्याकाळी सगळ्या ग्रीनवर विणलेल्या प्लास्टिकची कव्हरं पसरायची, कडेने खिळे ठोकायचे, वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, आणि ऊब आली की पुन्हा काढायची. एका हिवाळ्यात हे कितीतरी वेळा. चौरस मीटरला १०० ग्रॅम धरलं तरी एका ग्रीनचं कव्हर ५० किलोचं, भिजलं की किती ते विचारू नका. या कामात इतकी माणसं अडकतात की अर्कान्सा विद्यापीठात उणे ४च्याही खाली किती थंडीपर्यंत कव्हर न घालता चालेल, याचे प्रयोग झाले. यंत्र आलं ते याच त्रासातून. कव्हराची लांबीच्या दिशेने घडीवर घडी घालून अरुंद पट्टा करायचा, एक टोक पाइपाला अडकवायचं आणि ट्रॅक्टरच्या किंवा छोट्या गाडीच्या जोरावर पाइप फिरवायचा. पसरताना पाइप मोकळा सोडायचा. तत्त्व म्हणून विहिरीच्या रहाटापलीकडे त्यात काही नाही.

आता आप्पांचं. २६ नोव्हेंबर २०२३ला जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, तेव्हा त्यांच्या बागेत मण्यांत पाणी उतरायच्या बेताला आलेले घड तडकले. त्यानंतर त्यांनी दोन एकरांवर प्लास्टिक कव्हर टाकायचं ठरवलं. एकरी खर्च चार-पाच लाखांच्या घरात जातो, सगळ्या बागेला परवडत नाही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये गोड्या छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, कव्हर चढलं. डावणी या बुरशीजन्य रोगाचे फवारे कमी झाले, फुलोऱ्यात पाऊस पडून गेला तरी घडकुज झाली नाही, माल निघाला. इथवर सगळं छान. प्रश्न काढणीनंतरचा. मार्च-एप्रिल-मेचं ऊन कव्हरावर घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, आणि एप्रिलच्या खरड छाटणीला, म्हणजे नव्या काड्यांसाठी वेल मागे छाटताना, ते डोक्यावर अडचण करतं. म्हणून उतरवायचं, गुंडाळायचं, ऑक्टोबरपर्यंत जपून ठेवायचं.

बागेचा हिशेब असा. दोन ओळींतलं अंतर ९ फूट, ओळीची लांबी ७५ मीटर, ओळी ३९. प्रत्येक ओळीवर लोखंडी कमानी, त्यांवर अडीच मीटर रुंदीची एक पट्टी, दोन पट्ट्यांच्या मध्ये हवा खेळायला वीतभर फट. एक पट्टी १८७ चौरस मीटरची, कोरडी असताना २६ किलोची. सगळं मिळून एक टनभर प्लास्टिक, जमिनीपासून पावणेतीन मीटर उंचीवर, दर दोन हातांवर बांधलेलं. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीच्या मुकादमांनी बाग बघून सांगितलं, “आठ माणसं, तीन दिवस.” आणि मार्चमध्ये काढणीच्या धामधुमीत आठ माणसं तीन दिवस मिळणं म्हणजे काय, हे ज्याची बाग आहे त्यालाच ठाऊक.

आप्पा माझ्याकडे आले ते दुसऱ्याच कामासाठी, ब्लोअरच्या चेसिसला वेल्डिंग करायला. बोलता बोलता कव्हराचा विषय निघाला आणि मी उत्साहाने गोल्फचं ड्रॉइंग काढून दाखवलं. सगळं तिथूनच चुकत गेलं. ड्रॉइंग तयार होतं म्हणून मी त्याला प्रश्न शोधला. प्रश्न नीट पाहून ड्रॉइंग काढलं नाही.

पहिलं यंत्र साधं होतं. ओळीच्या टोकाला छोटा ट्रॅक्टर उभा, मागे थ्री-पॉइंटवर, म्हणजे अवजार जोडायच्या दांड्यांवर, स्टँड, त्यावर १० सेंटिमीटर व्यासाचा पाइप आणि त्याला मोटर. पट्टीचे बांध सगळे सोडायचे, एक टोक पाइपात अडकवायचं, आणि ७५ मीटरची पट्टी कमानींवरून घसरत आपल्याकडे ओढायची. ग्रीनवर हेच करतात. पण ग्रीनवर कव्हराखाली काय असतं, तर ३ मिलिमीटर कापलेली हरळी. आमच्या कव्हराखाली पंचवीस कमानी, त्यांना गुंडाळलेल्या तारांची टोकं आणि वर आलेल्या काड्या.

दोन पट्ट्या निघाल्या. तिसरी सोळाव्या कमानीपाशी तारेच्या टोकात अडकली, मोटर ओढतच राहिली, आणि कापड फाटावं तसा आवाज होऊन चार मीटरची चीर गेली. आप्पा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शिवाय वेगाची एक चूक होती, ती माझ्यासारख्या माणसाने करायला नको होती. पाइप मिनिटाला ६० फेरे घेत होता. रिकाम्या पाइपावर याचा अर्थ मिनिटाला १९ मीटर. पण गुंडाळी वाढत जाते. चार पदरी घडी करून ७५ मीटर गुंडाळलं की व्यास ३५ सेंटिमीटरच्या आसपास जातो, आणि तेवढ्याच फेऱ्यांत ती मिनिटाला ६६ मीटर ओढायला लागते. म्हणजे पट्टीचं शेपूट, जे सगळ्यांत मोकळं आणि सगळ्यांत सैरभैर, ते सगळ्यांत जास्त वेगाने येतं. दुसऱ्या पट्टीचं शेवटचं आयलेट, म्हणजे बांधायच्या भोकाची कडी, मुकादमांच्या कानाजवळून गेलं. काम तिथेच थांबवलं.

दुसऱ्या यंत्राची मूळ कल्पना मुकादमांच्या एका वाक्यातून आली. ते म्हणाले, “साहेब, दोरीवरचं धुणं आपण एका टोकाला उभं राहून ओढत नाही. चालत चालत काढतो.” बस्स. मग पट्टी जागेवर ठेवली आणि गुंडाळणारा पाइप तिच्याकडे न्यायचा ठरवला. ट्रॅक्टर गल्लीतून माणसाच्या चालीने पुढे जाणार, मागच्या स्टँडवर दोन मीटर उंचीवर पाइप, त्याच्या पुढे तोंड मोठं आणि शेपूट अरुंद असलेली पत्र्याची नळी. प्लॅटफॉर्मवर उभा असलेला एक जण आपल्या बाजूचे बांध सोडतो, पलीकडच्या गल्लीतल्या दोन बाया बांबूच्या आकडीने त्यांच्या बाजूचे. सुटलेली पट्टी नळीत पडते, आपोआप गोळा होऊन पाइपावर बसते. ओढाओढ नाही, फक्त सैल झालेलं उचलायचं. मोटर आणि पाइप यांच्यामध्ये चामड्याचा घसरता क्लच घातला, त्यामुळे वेग ट्रॅक्टर ठरवतो आणि पाइप त्याला साथ देतो. कुठे अडकलं तर क्लच घसरतो, कव्हर फाटत नाही. हे मी पहिल्या दिवशी का केलं नाही याला उत्तर नाही.

एका ओळीला पंधरा मिनिटं लागायला लागली. यातली गुंडाळायची जेमतेम तीन-चार. बाकीची बांध सोडण्याची. हे मला आधी मोजायला हवं होतं. आठ माणसांचे तीन दिवस पट्टी गुंडाळण्यात जात नव्हतेच. ते शिडी हलवण्यात, गाठी सोडण्यात, खाली पडलेली पट्टी चिखलातून वाचवण्यात आणि डोक्यावरून वाहून नेण्यात जात होते. यंत्राने शिडी आणि वाहतूक वाचवली, गाठी वाचवल्या नाहीत. पुढे आप्पांनी नायलॉनच्या गाठी काढून इलॅस्टिकचे हूक लावले, त्याचा फायदा माझ्या मोटरपेक्षा जास्त झाला असं माझं प्रामाणिक मत आहे.

पाच माणसांत दोन दिवसांत बाग उतरली. म्हणजे चोवीस रोजांऐवजी दहा. पण हा हिशेब इथे थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला पावसाची एक सर येऊन गेली. अकरा ओळी राहिल्या होत्या, ट्रॅक्टर भाड्याचा होता, टोळी दुसऱ्या दिवशी पिंपळगावला जाणार होती. आप्पा म्हणाले, “गुंडाळून टाका भाऊ, नंतर बघू.” मलाही यंत्र थांबवायचं जिवावर आलं होतं. हाताने काम करताना भिजलेली पट्टी माणसं आपणहून नाकारतात, कारण ती उचलवत नाही. प्लास्टिकवर पाण्याचा पाव मिलिमीटरहून पातळ थर राहिला तरी १८७ चौरस मीटरवर त्याचं वजन चाळीस किलोच्या घरात जातं. मोटरला ते जाणवत नाही. यंत्र तक्रार करत नाही, म्हणूनच त्याने नको ते काम बिनबोभाट केलं. त्या गुंडाळ्या काट्यावर प्रत्येकी ४८ किलो भरल्या, म्हणजे पाऊण कोरड्या पट्टीहून जास्त वजनाचं पाणी आम्ही प्रत्येकीत भरून ठेवलं होतं.

आठ दिवसांनी आप्पांचा फोन आला. गुंडाळ्या कांद्याच्या रिकाम्या चाळीत ठेवल्या होत्या आणि चाळीत वास सुटला होता. उघडून पाहिलं तर पदराला पदर चिकटलेले, मध्ये काळे ठिपके, आणि पिवळसर राप. राप गंधकाचा. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक मारतात, ते उडून कव्हराच्या आतल्या बाजूला बसतं. पॉलिथिनला उन्हापासून वाचवणारी जी रसायनं त्यात घातलेली असतात, त्यांना गंधक आणि क्लोरीनयुक्त औषधं निकामी करतात. म्हणजे कव्हर न धुता गुंडाळणं हे कोरडं असलं तरी नुकसानीचंच. ओलं असेल तर त्याहून वाईट. मग सगळ्या ३९ पट्ट्या खळ्यावर पसरून, झाडूने आणि साध्या पाण्याने धुऊन, दोन्ही बाजूंनी वाळवून पुन्हा गुंडाळल्या. चार माणसं, दोन दिवस. दहा अधिक आठ, अठरा रोज. चोवीसच्या तुलनेत वाचले सहा. यंत्राला खर्च आला होता ६२,०००, माझा वेळ सोडून.

आप्पांच्या सूनबाईंनी वहीत हे सगळं लिहिलं होतं. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि चहा दिला.

यानंतर आम्ही स्टँडवर पाइपाच्या आधी दोन फोमचे रोल आणि एक पाण्याचा फवारा बसवायचं ठरवत होतो, म्हणजे गुंडाळतानाच पुसलं जाईल. ड्रॉइंगही झालं. तेवढ्यात मे उजाडला.

मे २०२५ महाराष्ट्रात कसा गेला ते सगळ्यांना आठवत असेल. अवकाळी थांबेना, आणि २६ मेला तर मान्सून मुंबईत दाखल झाला. द्राक्षासाठी हा काळ नाजूक. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड ठरतो. त्याला ऊन लागतं. पाऊस आला की कोवळ्या पानांवर डावणी, आणि ढगाळ हवेत डोळ्यांत घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता ताणा. आप्पांचा फोन: “भाऊ, कव्हर परत चढवायचं. पाऊस आहे तोवर. ऊन पडलं की काढायचं.”

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आप्पा गोल्फवाल्यांसारखं बोलत होते. अंदाज बघून घालायचं, अंदाज बघून काढायचं. मी तिकडून रहाट उचलला होता, पण तिकडे तो कशासाठी आहे हे उचललं नव्हतं. वर्षातून एकदा उतरवायचं असेल तर सावकाश उतरवा, कोण विचारतं? ग्रीनवरच्या यंत्राची सगळी किंमत चढ-उताराच्या वेगात आहे. माझं यंत्र फक्त उतरवणारं होतं.

तरी प्रयत्न केला. पहिली अडचण दिशेची. उतरवताना ट्रॅक्टर पूर्वेकडून शिरला होता, म्हणजे गुंडाळीच्या पोटात पूर्वेचं टोक आणि वर पश्चिमेचं. पसरायचं तर पश्चिमेकडून सुरुवात करायला हवी, आणि पश्चिमेला बांध आणि चारी. तिथे ट्रॅक्टर वळत नाही. धुतल्यावर पुन्हा गुंडाळताना कुणाचं टोक कुठे गेलं याची तर नोंदच नव्हती. काही पट्ट्यांची गंधकाची बाजू वर आली, काहींची खाली. दुसरी अडचण घडीची: जमिनीवर घडी उलगडायला माणूस कडेने चालत जातो, इथे घडी पावणेतीन मीटरवर उलगडायची. तिसरी वारा. सुटी पट्टी म्हणजे १८७ चौरस मीटरचं शीड. मे महिन्याच्या वळवाच्या वाऱ्यात एक पट्टी शेजारच्या बागेवरून जाऊन लिंबाला गुंडाळली गेली. चार ओळी चढल्या, दर ओळीला पाऊण तास आणि पाच माणसं. आप्पांनी हात जोडले. बाकीची बाग त्या पावसात तशीच राहिली.

चढवलेल्या चार ओळींना फायदा झाला का? पानं निरोगी राहिली, डावणीचे दोन फवारे वाचले. पण ढगांमुळे ऊन आधीच कमी, त्यात वर प्लास्टिक. चार ओळींवरून घडांबद्दल काही बोलणं म्हणजे ठोकून देणं होईल. आप्पा म्हणतात फरक होता. त्यांच्या सूनबाई म्हणतात नव्हता.

मुकादम तरुणपणी जानोरीच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला होते. पावसाळ्यात परत जाताना त्यांनी विचारलं, “पॉलिहाऊसचा पडदा हँडल फिरवून वर-खाली करतो, तसं याला का नाही?” म्हणजे पट्टी कमानीच्या माथ्यावर कायमची बांधायची, तिच्या दोन्ही कडांना लांबीभर पाइप लावायचा, हँडल फिरवलं की दोन्ही बाजू माथ्याकडे गुंडाळल्या जाणार. पट्टी मांडवावरून हलायचीच नाही, त्यामुळे दिशा नाही, घडी नाही, शीड नाही. माझ्या रहाटाची गरज मग वर्षातून एकदाच, धुण्यासाठी उतरवताना.

आप्पांनी लगेच गुणाकार केला. “३९ ओळी, दोन बाजू. ७८ हँडल? बाग आहे का सायकलचं दुकान?”

त्यावर बरंच बोलणं झालं. शेवटी तीन ओळींवर करून बघायचं ठरलं, बाकी ३६ जुन्याच पद्धतीने. जाड जीआय पाइपचं वजन कमानींना झेपत नाही, म्हणून १९ मिलिमीटरची पातळ नळी घेतली. टोकाला हँडल लावलं तर ७५ मीटर लांबीत नळी पिळते, म्हणून हँडल मध्यावर, दोन्हीकडे साडेसदतीस मीटर. आधीच्या चुका लक्षात ठेवून गुंडाळ्यांच्या टोकांना आता ऑइलपेंटने ओळीचा आकडा आणि ‘पू’ किंवा ‘प’ लिहिलेलं आहे, आणि ओली पट्टी यंत्रावर घ्यायची नाही हे स्टँडवर लाल अक्षरात लिहून घेतलं आहे. ते अक्षर सूनबाईंचं.

पहिल्या दोन ओळींची एक बाजू चार मिनिटांत वर जाते, एकट्या माणसाने. तिसऱ्या ओळीत उतार आहे. तिथे हँडलपासून तीस मीटरच्या पुढे नळी पिळते आणि टोकाकडची कड एक फेरा मागे राहते, त्यामुळे पावसाचं पाणी तिथे झोळीसारखं साठतं. टोकाला दुसरं छोटं हँडल लावायचं की तेवढ्या भागात जाड नळी घालायची, यावर माझा आणि मुकादमांचा वाद चालू आहे. नळी मी आणून ठेवली आहे.